लाल फडकं, पांढरं फडकं

सोमवार, १८ ऑगस्ट २०२५

बाबांनी त्या दिवशी मला थांबवलं का नाही?

सकाळपासून हा एकच प्रश्न. उत्तर येत नाही. परीक्षेत उत्तर येत नसलं तरी मी पान कोरं सोडायचे नाही, काहीतरी खरडून ठेवायचे. इथे तेही सुचत नाहीये.

आज नाना पेठेत रंगरावकाकांच्या वर्कशॉपमध्ये रतनताईंच्या स्कूल व्हॅनचा गिअरबॉक्स उघडला. रंगरावकाका तीस वर्षं फक्त गिअरबॉक्सच उघडतात, बाकी गाडीला हात लावत नाहीत. आमच्या गॅरेजमध्ये जे निभत नाही ते बाबा त्यांच्याकडे नेतात. त्यांनी आतलं तेल पांढऱ्या ट्रेमध्ये काढलं, ट्रे दारात उन्हात नेला आणि तिरका केला. काळपट तेलात सोनेरी चकाकी फिरली. एक क्षणभर मला ते चक्क सुंदर वाटलं! मग कळलं काय आहे ते. पितळ. गिअर पडताना दोन चाकांचा वेग जुळवून देणाऱ्या पितळेच्या रिंगा असतात — त्यांचं पीठ.

रंगरावकाकांनी तेल बोटावर घेतलं, चोळलं, हुंगलं. "मिस्त्री, हे तर डिफरन्शियलचं तेल. मागच्या अ‍ॅक्सलचं. गिअरबॉक्सात कसं आलं? तुमच्या हातनं?"

बाबा म्हणाले, "डबा चुकला असंल. डोळे काय आता पयल्यावानी न्हाई राहिले."

खोटं! डबा चुकायला डबे आहेतच कुठे? दोन्ही मागच्या दसऱ्याच्या आधी मीच काढून टाकले.

मी तिथेच होते. हातात चहाचा कप. तो पूर्ण प्यायले.

मंगळवार, १९ ऑगस्ट

निदान इथे तरी लपवालपवी नको. सगळं नीट लिहून काढते.

विश्रांतवाडीत, आळंदी रोडच्या आतल्या गल्लीत आमचं गॅरेज. बाबा, म्हणजे साईनाथ मिस्त्री, सातवी पास. त्यांच्याकडे तेलाचे दोन मोठे डबे असायचे. एकाच्या तोंडाला पांढरं फडकं बांधलेलं — ते गिअरबॉक्सचं. दुसऱ्याला लाल — ते मागच्या अ‍ॅक्सलमधल्या डिफरन्शियलचं. डब्यावरची अक्षरं केव्हाच पुसली होती. बाबा अक्षरं वाचायचेच नाहीत. फडकं बघायचे, बोट बुडवायचे, हुंगायचे. लाल फडक्याचं तेल उग्र, गंधकासारखं. पांढऱ्याचं तेवढं नाही.

मी गेल्या वर्षी बी.ई. झाले. मेकॅनिकल. आमच्या घरात पहिलीच. नोकरी लागेपर्यंत गॅरेजला शिस्त लावायची असं मी ठरवलं. (ठरवलं! मला कुणी विचारलंही नव्हतं.) फडकी, हुंगणं, बोटं — मला लाज वाटायची. मी एक तक्ता केला, कोणत्या गाडीला कोणतं तेल, रंगीत रकाने, लॅमिनेशन. आणि गिअर ऑइलच्या रकान्यात सरसकट एकच तेल लिहिलं: GL-5. कारण त्याखालचा दर्जा GL-4. पाच हा चारच्या वरचा. इंजिन ऑइलचं तसंच असतं ना — नवं, वरच्या दर्जाचं तेल जुन्या गाडीतही चालतं. ते शिकले होते, तेच इथे लावलं. सीलबंद बाटल्या मागवल्या. दोन्ही डबे भंगारात दिले.

पहिली बाटली रतनताईंच्या व्हॅनसाठी फोडली. बाबांनी झाकण नाकाशी नेलं. थांबले. म्हणाले, "वास उग्र हाय गं."

मी काय म्हणाले? शब्द न शब्द आठवतो. "बाबा, वासावर नाही, स्पेसिफिकेशनवर चालतात गाड्या."

रतनताई समोरच स्टुलावर बसल्या होत्या. हसल्या. "भाऊ, आता तुमचं काही चालायचं नाही!"

बाबाही हसले. आणि ओतलं.

खंडेनवमीला पाने, हातोड्या, जॅक मांडून पूजा केली तेव्हा बाबांनी माझा तक्ता मधोमध ठेवला. प्लास्टिकवर कुंकू टिकेना, खाली ओघळायला लागलं. त्यांनी पुन्हा लावलं.

बुधवार, २० ऑगस्ट

आज नाना पेठेत जाऊन रतनताईंच्या व्हॅनच्या डॅशबोर्डच्या कप्प्यातून गाडीचं हँडबुक काढलं. प्लास्टिकच्या पिशवीत, कोरं, पान न उलटलेलं. शेवटून तिसऱ्या पानावर: गिअरबॉक्स — 75W-90, GL-4. त्याच्याच खालच्या ओळीत: डिफरन्शियल — GL-5. दोन वेगळी तेलं, दोन वेगळ्या ओळी.

म्हणजे पांढरं फडकं आणि लाल फडकं.

प्रत्येक गाडीत हे पुस्तक असतं. मी एकाही गाडीतलं उघडलं नव्हतं! तक्ता केला आठवणीवर, आणि इंटरनेटवर दोन पानं वाचून. चार वर्षं 'मूळ संदर्भ तपासा' हे वाक्य पाठ केलं मी.

जुनी जॉब कार्डं काढली. माझ्या तक्त्याप्रमाणे तेल भरलेल्या गाड्या: अकरा.

शुक्रवार, २२ ऑगस्ट

रतनताई आल्या. व्हॅन अजून नाना पेठेत. गेल्या आठवड्यात काय झालं ते आज कळलं. दुसरा गिअर पडेचना म्हणून सिग्नलच्या मधोमध व्हॅन अडकली, आत नऊ पोरं. मागून हॉर्न. पोरं रडायला लागली. चाचणी परीक्षा बुडाली. दोन पालकांनी पोरं काढून घेतली, बाकीचे म्हणतायत बघू. नवऱ्याच्या आजारपणानंतर त्या घराला ही व्हॅनच आहे.

ती बाटली, तो वास त्या केव्हाच विसरल्या असाव्यात. बाबांना म्हणाल्या, "भाऊ, तुमच्या हातावर विश्वास ठेवून मी लोकांची पोरं बसवते गाडीत. झेपत नसेल तर सांगायचं होतंत ना!"

बाबा म्हणाले, "माझंच चुकलं, ताई."

मी काउंटरमागे बिलबुकावर मान घालून बसले होते. जाताना त्या माझ्याकडे वळल्या. "तू लक्ष ठेवत जा गं जरा यांच्यावर. तू शिकलेली आहेस."

मी मान हलवली. होय — मान हलवली मी!

रविवार, २४ ऑगस्ट

बाबांनी सगळ्यांना फोन लावले. "गाडी आणून दाखवा, गिअरचं तेल बदलायचंय, पैसे नकोत." कारण विचारलं की तेच: डोळे, डबा, वय. मी शेजारी नंबर वाचून दाखवत होते.

आज पहिल्या दोन गाड्या आल्या. दोन्हींखाली मीच गेले.

गॅरेजमध्ये मला शिकवलेली पहिली गोष्ट हीच. नववीत होते. बाबा म्हणाले होते, खालचा बोल्ट आधी उघडायचा न्हाई. आधी वरचा. वरच्यातनं तेल भरतात, खालच्यातनं सोडतात. वरचा गंजून बसला असंल आन् तू खालचा सोडलास, तर गाडी रिकामी हुणार आन् भरायला वाटच न्हाई. मग ना गाडी चालवता येणार, ना ढकलत नेता येणार.

आज तसंच केलं. गाडी दोन-तीन किलोमीटर फिरवून आणली, तेल कोमट झालं की सगळं निघतं. चारही बाजू सारख्या उचलल्या, नाहीतर पातळी फसवी येते. वरचा बोल्ट. मग खालचा. तेल ट्रेमध्ये पडेस्तोवर मी श्वास धरून होते. पहिल्या गाडीचं स्वच्छ निघालं. खालच्या बोल्टच्या चुंबकाला नेहमीची करडी लव, ती चालते. दुसऱ्या गाडीत चकाकी होती. थोडी. पण होती. नवा वॉशर, खालचा बोल्ट बंद, वरून GL-4, भोकातून ओघळ बाहेर येईपर्यंत. मग वरचा बंद.

बाबा बाहेरून विचारत होते, "काय निघतंय?"

"साफ आहे," मी म्हणाले. दोन्ही वेळा.

गुरुवार, २८ ऑगस्ट

कोपऱ्यावर मंडळाचा मांडव पडलाय, गल्लीत गाडी वळत नाही. काम कमी.

बाबांनी आज मला विचारलं, "या गाडीला इंजिन ऑइल कुठलं घालू?" ती गाडी ते सोळा वर्षं सांभाळतायत!

मंगळवार, २ सप्टेंबर

आईशी बोलले. ती भाजी निवडत होती. म्हटलं, आई, ती चूक बाबांची नाही, माझी आहे. सगळ्यांना सांगते.

आई म्हणाली, "मला ठाव हाय."

"कसं?"

"त्यांनीच सांगितलं. पयल्याच दिवशी. म्हणले, घरात कुणी बोलायचं न्हाई."

मग तिने भाजी बाजूला ठेवली. "बारा वर्सं तुझा बाप ह्या गल्लीत सांगत फिरला, माझी पोर इंजिनेर हुणार. शाळेपास्नं. लोक हसायचे, मिस्त्रीची पोर ती, पाना धरणार न्हाईतर लाटणं. आता तुझं कंपनीचं झालंय. जाऊ दे की सुखानं. तिकडनं कुणी चौकशीला आलं आन् कुणी म्हणलं, पोरीनं गाड्या बिघडवल्या, तर?"

"कंपन्या गॅरेजमध्ये चौकशीला येत नाहीत गं, आई."

"तुला काय ठाव? तुला तर त्या तेलाचंबी ठाव न्हवतं."

आई चौथी शिकलेली आहे. मी उरलेली भाजी निवडायला घेतली.

बुधवार, ३ सप्टेंबर

कंपनीचं लिहायचं टाळतेय मी.

जुलैमध्ये चाकणला मुलाखत झाली. गुणवत्ता विभाग. अर्जात एक ओळ होती: 'गॅरेजमधील वंगणतेलांचे प्रमाणीकरण केले.' शौनक सर मुलाखत घेत होते, त्यांनी नेमकी तीच ओळ धरली. मी फोनवर तक्त्याचा फोटो दाखवला. त्यांनी शेजारच्यांना दाखवला. "वडिलांच्या गॅरेजमध्ये? एकटीने? ग्रेट! आम्हाला अशीच माणसं हवीत." पुढचे प्रश्न नावापुरते.

सोमवार, ६ ऑक्टोबरला रुजू व्हायचंय.

म्हणजे रतनताईंच्या रिंगांचं पीठ झालं आणि त्याच तक्त्यावर मला नोकरी लागली.

सोमवार, ८ सप्टेंबर

आज तीन गाड्या. एकीत चकाकी. "साफ आहे, बाबा."

गुरुवार, ११ सप्टेंबर

वर्षभरापूर्वी जे वाचायला हवं होतं ते आता वाचतेय. हँडबुकं, तेल कंपन्यांची पत्रकं, एक जाडजूड संदर्भग्रंथ — कॉलेजच्या लायब्ररीत जाऊन. माझं कार्ड अजून चालतं.

GL-5 वाईट तेल नाही. डिफरन्शियलमध्ये दात दातावर घासत सरकतात, प्रचंड दाबाने. तिथे जास्त गंधक-फॉस्फरस लागतंच. तेच पितळेला त्रास देऊ शकतं. शिवाय रिंगेला थोडी पकड लागते, तिने चाकाला धरून त्याचा वेग जुळवायचा असतो. चुकीचं तेल निसरडं पडलं की ती धरूच शकत नाही. मग दात दातावर आपटतात. सगळी GL-5 सारखी नसतात, काही पितळेला सांभाळून बनवतात. काही गाड्यांना निर्मात्यानेच वेगळं, पातळ तेल सांगितलेलं असतं. म्हणजे सगळ्यांना चालेल असं एक तेल नाहीच. त्या त्या गाडीचं पुस्तक उघडायचं, आकडा आणि दर्जा दोन्ही बघायचे. बस. एवढंच होतं ते.

चार आणि पाच हे वरचं-खालचं नाहीच. दोन वेगळी कामं आहेत. मी त्यांना इयत्ता समजले.

मंगळवार, १६ सप्टेंबर

दहा गाड्या झाल्या. अकरावी आप्पासाहेबांची. ती येत नाही.

आप्पासाहेब कोर्टातून नाझर म्हणून निवृत्त. मंडईमागे राहतात. तिथून विश्रांतवाडीपर्यंत बावीस वर्षं गाडी आणतात, कारण बाबांशिवाय कुणाला हात लावू देत नाहीत. बाबांच्या फोननंतर त्यांनी पोस्टकार्ड पाठवलं. खरंखुरं पोस्टकार्ड! 'श्री. साईनाथ यांस, नजर थकली असल्याचे कळले. विश्रांती घ्यावी. वाडीही तीच आहे. — आप्पा.' बाबांनी ते दोनदा वाचलं आणि खिशात ठेवलं.

म्हणून आज मीच गेले. बसमधून उतरताना ठरवलं होतं: यांना खरं सांगायचं. कोर्टातला माणूस आहे, शांतपणे ऐकून घेईल.

त्यांनी बसायला सांगितलं. पाणी दिलं. मग म्हणाले, "माझ्या गाडीत गिअर पडतोय की जात्यात डाळ पडतेय, तेच हल्ली कळत नाही."

"म्हणूनच आलेय. तेल बदलायला हवं. बाबांचा डबा चुकला."

"असं?" त्यांनी चष्मा पुसला. "साईनाथकडे दोन डबे असत. एकाला लाल फडकं, एकाला पांढरं. बावीस वर्षं मी तिथल्या मोडक्या खुर्चीत बसून ती फडकी बघत आलोय. दृष्टी निम्मी झाली तरी लाल आणि पांढरं कळतं माणसाला. तर डबा चुकला कसा?"

मी पाण्याचा पेला खाली ठेवला.

"मागच्या खेपेला आलो तेव्हा फडकी दिसली नाहीत. कुठे गेली?"

एवढं सोपं होतं! वाक्य तयार होतं, बसमध्ये घोकून आलेले मी. आणि तोंडातून आलं, "धुवायला टाकलीत."

आप्पासाहेब माझ्याकडे बघत राहिले. चाळीस वर्षं लोकांच्या जबान्या ऐकलेला माणूस.

"बरं," म्हणाले. खुंटीवरची गाडीची किल्ली काढून माझ्या हातात दिली. "फडकी वाळली की कळव."

बुधवार, १७ सप्टेंबर

धुवायला टाकलीत! वर्षभर?

रविवार, २१ सप्टेंबर

आप्पासाहेबांची गाडी उचलली. वरचा बोल्ट हलेना. गंजून घट्ट. मी पान्याला पाइप लावून जोर द्यायला गेले, बाबा ओरडले, "थांब! कडा झिजंल." महिन्याभरात पहिल्यांदाच त्यांचा पूर्वीचा आवाज ऐकला. ते स्वतः खाली आले. गंज सोडवायचं तेल मारलं, हातोडीने बोल्टच्या डोक्यावर हलक्या टिचक्या मारल्या, दहा मिनिटं थांबायला लावलं. दोघंही गाडीखाली उताणे.

वर फक्त गिअरबॉक्सचं पोट. एकमेकांचं तोंड दिसत नव्हतं. म्हणून विचारता आलं.

"बाबा, तुम्हाला वासावरून कळलं होतं ना?"

"काय?"

"पहिल्याच दिवशी. रतनताईंच्या व्हॅनला."

त्यांनी बोल्टवर आणखी एक टिचकी मारली. मग: "शंका आली हुती."

"मग ओतलंत का?"

"तू म्हणालीस ना."

"मी म्हणाले म्हणून? तुम्हाला माहीत असताना?"

"म्हाईत न्हवतं, शंका हुती." हातातला पाना चाचपत राहिले. "मला वाटलं, माझं नाक जुनं झालं. आता नवं काय निघालं असंल, वास तसाच आन् काम दुसरं. तू चार वर्सं शिकलीस. मी आयुष्यभर सगळ्यांना सांगितलं, आमच्यात शिकल्यालं माणूस न्हाई म्हणून आमचं असं झालं. आन् मग तू शिकून आलीस, तर पयल्याच बाटलीला म्हणू — चूक? रतनताईसमोर?"

मग बोल्ट सुटला. शेवटचे दोन आटे त्यांनी बोटांनीच सोडवले. "आता खालचा सोड."

तेल आलं. मी ट्रे उन्हाच्या पट्ट्यात सरकवला. चकाकी.

"साफ हाय का?" बाबांनी विचारलं.

"नाही," मी म्हणाले.

"ठाव हाय मला," बाबा म्हणाले. "बाकीच्यांचंबी ठाव हाय. सांजच्याला ट्रे मीच धुतो ना."

तरीही माझ्या प्रश्नाचं उत्तर मिळालंय असं वाटत नाही. त्यांनी त्यांच्या बाजूने सांगितलं. पण ते खरं म्हणजे मला विचारायला हवं: मी असं काय केलं, की माझ्या बापाला स्वतःच्या नाकावर विश्वास ठेवायची चोरी झाली?

गुरुवार, २५ सप्टेंबर

कंपनीचं पत्र: मूळ प्रमाणपत्रं घेऊन या, दोन फोटो आणा, बूट काळे. आईने दोन नवे कुडते आणले. कोथरूडच्या मावशीचा फोन आला, तिकडून चाकणला बस कशी मिळते ते सांगायला. मी तिकडे राहणारच नाहीये! सगळे आनंदात आहेत. मी सोडून, आणि बाबा सोडून.

गॅरेजच्या भिंतीवर तक्ता अजून तसाच. मी काढायला गेले तर बाबा म्हणाले, "राहू दे. लोक इचारतील, का काढला."

सोमवार, २९ सप्टेंबर

आज एक नवं गिऱ्हाईक आलं, क्लच आणि गिअरबॉक्सचं काम. बाबा म्हणाले, "नाना पेठेत जा, रंगरावकडं. मी आता गिअरबॉक्स करत न्हाई."

"का हो? तुमचंच नाव सांगितलं मला."

"हात राहिला न्हाई."

तो गेल्यावर त्यांनी गिअरबॉक्सची हत्यारं — तो छोटा पुलर, सर्कलिपची पक्कड, बेअरिंग ठोकायचे पाइप, सगळं — एका गोणपाटात बांधलं. उद्या रंगरावकाकांना देणार. यंदा खंडेनवमीला ती मांडायची नाहीत म्हणाले. "जे वापरायचं न्हाई त्याची पूजा कशाला?"

छप्पन्न वर्षांचे आहेत. आप्पासाहेबांचा बोल्ट त्यांनी बोटांनी सोडवला होता. हात कुठे गेला? मी नेला. आणि महिनाभर शेजारी उभी राहून नंबर वाचून दाखवले.

मंगळवार, ३० सप्टेंबर, सकाळी नऊ

वरचा बोल्ट आधी, मग खालचा. मी इतके दिवस हेच बघत बसले होते की रिकामं झाल्यावर पुन्हा भरता येईल का — नोकरी, मान, आईचे कुडते. भरायला वाट असल्याशिवाय उघडायचं नाही, म्हणून उघडलंच नाही.

ही गाडी नाहीये.

गोणपाट अजून दारातच आहे. बाबा दुपारनंतर नेणार.

बुधवार, १ ऑक्टोबर. खंडेनवमी

काल दिवसभरात झालं ते असं.

सव्वानऊला शौनक सरांना मेल. तक्ता चुकीचा होता, त्यावरून अकरा गाड्यांत चुकीचं तेल गेलं, पाच गाड्यांचं नुकसान झालं, अर्जातली ती ओळ खोडावी आणि माझी निवड पुन्हा तपासावी. हँडबुकाच्या पानाचा फोटो जोडला. अजून उत्तर नाही.

मग नऊ फोन. दोन ठिकाणी स्वतः गेले. रतनताईंनी दारातच उभ्या राहून सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "तेव्हाच सांगितलं असतंस, तर मी भाऊंना तसं बोलले नसते." मला आत बोलावलं नाही. आप्पासाहेबांनी दार उघडलं आणि विचारलं, "वाळली का?" मी म्हणाले, "होय." त्यांनी आतून वही आणली, बाबांचा नंबर शोधला आणि माझ्यासमोरच फोन लावला. "साईनाथ, गाडी घेऊन येतोय. गिअरबॉक्स उघडायचाय. रंगराव-बिंगराव मला चालणार नाही."

आज सकाळी बाबा पूजेचं ताट घेऊन गॅरेजमध्ये आले. कोपऱ्यात दोन नवे डबे, एकाला पांढरं फडकं, एकाला लाल. आप्पासाहेबांच्या फोननंतर बाबांनी नेलं नव्हतं ते गोणपाट सोडलेलं, हत्यारं पाटावर मांडलेली. तक्ता नव्हता. रोजच्या गाड्या लिहायचा काळा फळा होता, त्यावर अकरा गाड्यांचे नंबर आणि खाली: 'या गाड्यांत चुकीचं तेल माझ्या सांगण्यावरून भरलं गेलं. साईनाथ मिस्त्रींनी डबा चुकवला नाही. — ऋतिका, बी.ई.'

बाबांनी शेवटच्या ओळीपर्यंत वाचलं, ओठ हलवत. ताट खाली ठेवलं. खिशातून हात पुसायचं फडकं काढलं आणि फळ्याकडे गेले. घासलं. पुन्हा घासलं.

खडू नाहीये तो. नंबर प्लेटचा पांढरा ऑइलपेंट आहे. काल संध्याकाळीच लावला. वाळलाय.